आडवे सर

डावा हात छातीसमोर धरायचा, तर्जनी समोर आडवी ताणायची, अंगठा ताठ उभा करायचा आणि मग म्हणायचं, "आधी तोडा." आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांची ही कायमची मुद्रा. नवख्या माणसाला वाटे, हे गृहस्थ आपल्यावर पिस्तूल रोखतायत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तर खुर्चीच मागे सरकवली होती. सरांच्या मते जगातली कुठलीही तिरकी गोष्ट तोडल्याशिवाय कळत नाही, मग तो फेकलेला चेंडू असो की भावाभावांचं भांडण. तिचा आडवा भाग वेगळा काढायचा, उभा भाग वेगळा काढायचा, दोन्ही नीट पाहायचे आणि मग परत जोडायचे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, जो आपल्या विषयातलं एकच वाक्य घेऊन त्यावर अख्खा जन्म काढतो. आमचे सर त्यातले. मी मराठी शिकवतो. माझ्या विषयात वाक्यं पुष्कळ, पण जन्म काढावा असं एकही मला अजून सापडलेलं नाही.

आम्ही दोघंही यवतमाळहून बोरी अरबला रोज अपडाऊन करायचो. मी उंच आणि किडकिडीत, सर बुटके आणि चांगले रुंद. स्टँडवरून कॉलेजकडं आम्ही चालू लागलो की पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबत. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात माझी ओळख करून दिली, "हे उभे, मी आडवा. दोघं मिळून एक पुरा मास्तर होते." पोरांना तेवढंच पाहिजे होतं. त्या दिवसापासून ते आडवे सर आणि मी उभे सर झालो. हजेरीवर सह्या करतानासुद्धा शिपाई म्हणायचा, "उभे सर, आडव्यांची सही राहिली."

आता सरांचा रुमाल. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. सर्व माणसं ती डोकं न चालवता करतात. सर डोकं चालवत. "गाडी चालून राह्यली ना," ते मला समजावत, "म्हणून खिडकीवर नेम नाही धरायचा. खिडकीच्या पुढं फेकायचं. रुमाल तथी पोहोचते तोवर खिडकी तथी येते." हे सांगून त्यांनी पूर्ण विश्वासानं रुमाल फेकला. रुमाल हवेत उघडला, अर्ध्या वाटेत थबकला आणि फलाटावर आलुबोंडा खात उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातावर, नेमका आलुबोंड्यावर जाऊन बसला. सर त्याच्याकडं गेले, रुमाल घेतला आणि मला म्हणाले, "हवेनं घात केला. हवा सिलॅबसमधे नाही ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालात घरच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला. वजन आल्यावर रुमाल सरळ गेला, हव्या त्या खिडकीतून आत पडला आणि सर माझ्याकडं पाहून हसले. ती गाडी वर्ध्याला निघाली होती. आमची मागच्या फलाटावर लागली होती. किल्ल्या रात्री उशिरा वर्ध्याचा फेरफटका करून परत आल्या आणि तोवर सर आणि वहिनी शेजारच्यांच्या ओट्यावर बसून होते. "नेम बरोबर होता," सर म्हणाले, "गाडी पाहाची राहिली." ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये निदान वर्षभर वाजवली. पण माणसाचा सगळा स्वभाव त्यात होता, हे मला फार उशिरा कळलं.

अकरावीच्या पुस्तकात ज्याला प्रक्षेप्य गती म्हणतात, त्याला सर फेकाफेकीचा धडा म्हणत. त्या दिवशी ते दोन लिंबं घेऊन वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहत आणि पोरांना खाली मैदानात डोळे मिटून उभं करत. एक लिंबू नुसतं सोडायचं आणि त्याच क्षणी दुसरं समोर जोरात फेकायचं. पोरांनी फक्त ऐकायचं. आवाज एकच येई. डोळे उघडले की एक लिंबू भिंतीपाशी आणि दुसरं पार सायकल स्टँडजवळ. "पाहा," सर वरून ओरडत, "दूर गेलं म्हणून उशिरा पडलं काय? नाही. पडणं वेगळं, पुढं जाणं वेगळं. उभं वेळ देते, आडवं अंतर देते. एकाले दुसऱ्याचं काही घेणंदेणं नाही." मग त्या दोन लिंबांचं सरबत होई आणि ते वर्गातल्या पहिल्या बाकाला मिळे.

मला भौतिकशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण माझी आई दवाखान्यात होती, ते दिवस मला आठवतात. रात्रभर तिच्याजवळ बसायचं, सकाळी बस पकडायची, वर्गात उभं राहून कविता शिकवायची. एक दिवस बसमध्ये मी सरांना म्हटलं की आता हे जमत नाही, मी रजा टाकून घरीच बसतो. सरांनी हात वर केला. तर्जनी आडवी, अंगठा उभा.

"आधी तोडा," ते म्हणाले. "आईचं दुखणं हे उभं. ते खाली ओढनच, त्याले इलाज नाही. पण ओढ फक्त उभ्याले असते, सर. आडव्याले कोणी खाली ओढत नाही. तुमचा वर्ग आडवा आहे. तो चालू द्या."

मी वर्ग चालू ठेवला. आई त्यातून उठली, आणि ती नसती उठली तरी सरांचं वाक्य माझ्यापाशी राहिलंच असतं, असं मला वाटतं.

आता निकिताची गोष्ट सांगतो. खरं तर सरांची म्हणून जी गोष्ट सांगायची ती हीच.

निकिता आमचीच बारावी सायन्स झालेली विद्यार्थिनी. पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी कॉलेजच्या मैदानावर पळायची आणि गोळाफेकीचा सराव करायची. पळण्यात तिला पुरे गुण मिळत, गोळ्यात मात्र ती मार खाई. आदल्या भरतीत ती थोड्याशा गुणांनी मागे राहिली होती आणि ते सगळे गुण गोळ्यातच गेले होते. तिच्या वडिलांनी आणखी एका भरतीची मुदत दिली होती. "यंदा नाही झालं तर पाहुणे येणार, सर," हे तिनंच मला हसत सांगितलं होतं. पण ती हसून सांगत होती म्हणून ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

एके सकाळी आम्ही स्टँडवरून मैदानातून आत येत होतो. निकिता गोळा फेकत होती. सर थांबले. तिचा गोळा हातातून सुटायचा, सपाट जायचा आणि धपकन पडायचा.

"पोट्टे, तुझा गोळा घाईत पडते," सर म्हणाले. "उभं कमी पडून राह्यलं. त्याले वेळच भेटत नाही. वर फेक. पंचेचाळीस अंशात."

"पंचेचाळीसच काहून, सर?"

"पुस्तकात आहे. अकरावीत शिकवलं ना मी तुले. पंचेचाळीसले सर्वात दूर जाते. त्याच्या वरतं नाही, खालतं नाही."

त्यांनी तिला हातानं कोन दाखवला आणि ते निघून आले. निकिता सरांना फार मानायची. दुसऱ्या दिवसापासून ती पंचेचाळीसनं फेकू लागली.

एरवी आमची बस यायच्या आत तिचा सराव उरकलेला असे. गोळा जिथं पडला तिथं ती तुराटी रोवून ठेवी. तुरीच्या काड्यांची आमच्याकडं काय कमी. सर रोज येताना त्या तुराट्यांकडं पाहत. तुराटी दर दोन-चार दिवसांनी थोडी पुढं सरकलेली असे आणि सर खूश होत. "पाहा, उभे सर," ते म्हणत, "तीस वर्षं फळ्यावर गोळे फेकले. जमिनीवर पडलेला हा पहिला." स्टाफरूममध्ये चहा त्यांच्याकडून सुटू लागला. माणूस सुखी झाला की कसा दिसतो, ते आम्ही त्या दिवसांत रोज पाहत होतो.

मग एकदा सर मोजपट्टी घेऊन आले. निकिताला त्यांनी थांबायला सांगितलं होतं. मी पट्टीचं एक टोक धरून तुराटीपाशी उभा राहिलो, दुसरं टोक घेऊन सर चुन्याच्या रेषेकडं गेले. रेषेपाशी पोहोचून ते वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी बाजूच्या कडुनिंबाकडं पाहिलं. फेकायची रेषा आधी त्या झाडाच्या खोडासमोर होती. आता ती खोड सोडून चांगली पुढं आली होती.

"रेषा कोणं सरकवली?" सरांनी विचारलं.

निकितानं गोळा उचलून कुशीत धरला.

"निकिता?"

"मी, सर."

"काहून?"

ती खाली पाहत म्हणाली, "गोळा जवळच पडून राह्यला होता, सर. पहिल्यापेक्षाही जवळ. तुमचं खोटं पडलं असतं."

तुम्ही क्षणभर विचार करा. भरती तोंडावर आलेली. या एका गोळ्यावर पोरीचं सगळं अडलेलं. आणि तिनं काय केलं, तर सरांचा शब्द खाली पडू नये म्हणून स्वतःची रेषा रोज थोडी पुढं घेतली. फसवलं असेल तर फक्त स्वतःला. मला वाटतं असं आमच्याच भागातल्या लेकरांना सुचतं. मास्तर चुकला असं म्हणण्यापेक्षा आपला हात लहान आहे असं मानायला ती तयार असतात.

सर मैदानाच्या कडेला असलेल्या रोलरवर जाऊन बसले. मोजपट्टी त्यांनी पुरी गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. शेवटी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"वर फेकताना काय होते, सांग. हातात काय होते?"

"जोर लागत नाही, सर. खांदा वर जाते न् जोर निंघून जाते."

"हे मले पहिल्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही पुस्तकात आहे म्हटलं ना, सर."

त्या दिवशी अकरावीला त्यांचा पहिला तास होता. मी शेजारच्या वर्गात होतो आणि मधली भिंत पातळ आहे, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. त्यांनी हजेरी घ्यायच्या आधीच सुरुवात केली. "पंचेचाळीस अंश मी तुमाले सांगतला. निकितालेही सांगतला. मी चुकलो. पुस्तक नाही चुकलं, मी चुकलो. पुस्तकातला गोळा जमिनीवरून सुटते न् जमिनीवरच पडते. निकिता काय जमिनीत गाडून उभी आहे? तिचा गोळा खांद्यावरून सुटते. खाली यायले त्याले आधीच जास्त वेळ आहे. तेवढं उभं त्याले फुकटात भेटलं. मंग अजून उभं कायले पाहिजे? आन् दुसरं. पुस्तक म्हणते, वेग तोच ठेवा, कोन बदला. पुस्तकातल्या गोळ्याले हात नसते. माणसाले असते. वर फेकलं की त्याचा जोर कमी होते. हे मले पोरीनं सांगतलं. लिहून घ्या."

चूक सांगताना त्यांचा आवाज पंचेचाळीस सांगतानाइतकाच खणखणीत होता. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. मी माझ्या वर्गाला म्हटलं, आज कविता राहू द्या, शेजारी काय चाललंय ते ऐका.

दुसऱ्या दिवसापासून सर पहाटेच्या बसनं येऊ लागले आणि मलाही ओढू लागले. त्यांनी फेकायची रेषा परत खोडासमोर आखली, तिच्यासमोर थोड्या अंतरावर दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये आडवी सुतळी बांधली. निकितानं गोळा त्या दोरीच्या जेमतेम वरून काढायचा. दोरी जेवढी उंच तेवढा कोन मोठा, दोरी उतरली की कोन उतरला. पोरीनं अंशांचा विचारच करायचा नाही.

पण दोरी किती उंच होती आणि किती उतरवली, हे ध्यानात ठेवायला काहीतरी पाहिजे. मोजपट्टी कमी पडली असं नाही. सरांना सवय होती ती माणसांनी मोजायची.

"उभे सर, या इथी. हात वर करा."

मी बांबूशेजारी उभा राहून हात वर केला. पंचेचाळीस अंशांची दोरी माझ्या बोटांच्या टोकांच्याही वीतभर वर होती. रोज सर ती थोडी खाली घेत, निकिता फेकी, तुराटी रोवली जाई, आणि मी तसाच हात वर करून उभा. एकदा काम सुरू झालं की सरांना माझा विसर पडे. तुराट्यांकडं जात, परत येत, गाठ सोडत, गाठ मारत. माझ्या खांद्याला कळ लागे. मग मध्येच त्यांचं लक्ष जाई आणि ते म्हणत, "अरे, ठेवा ना खाली. कायले वर धरून ठेवला?" जणू हात मीच हौसेनं वर केला होता.

मी एकदा म्हटलं, "सर, गणितानं काढा ना एकदाचं."

"काढलं," ते म्हणाले. "गणित म्हणते चाळीसच्या आत. पण किती आत, थे हिच्या खांद्यालेच माहीत. गणित दारापर्यंत आणून सोडते. आत आपल्याले जावं लागते."

दोरी बोटांच्या टोकांवर आली, तेव्हा तुराटी त्या फसव्या जुन्या जागी पोहोचली, या वेळी रेषा न सरकवता. दोरी पेरांवर आली आणि तुराटी पुढं गेली. तळहाताच्या मध्यावर आली तेव्हा सगळ्यात पुढं गेली. त्याखाली घेतली की परत मागं यायची. सरांनी दोन-तीनदा खालीवर करून पाहिलं आणि मग माझ्या तळहातावर, बरोबर मधोमध, बोट टेकवलं. "ही उंची," ते म्हणाले. "ध्यानात ठेवा. मी विसरीन."

भरतीच्या दिवशी निकिता यवतमाळला गेली. सरांनी त्या दिवशी सगळे तास घेतले, पण तास संपला की ते खिडकीशी येऊन रस्ता पाहत. संध्याकाळी आम्ही परतीच्या बससाठी स्टँडवर उभे होतो, तेवढ्यात यवतमाळहून येणारी गाडी लागली आणि निकिता उतरली. आम्हाला पाहून ती धावत आली नाही. सावकाश चालत आली. सरांचा चेहरा एवढासा झाला.

"पुरे भेटले, सर," ती म्हणाली. "गोळ्यात पुरे."

मीच विचारलं, "तिथं तर दोरी नसेल?"

"नव्हती ना, सर. मोकळं मैदान होतं. पहिल्यांदा तर मले काहीच सुचेना." मग ती माझ्याकडं पाहून हसली. "मंग तुमचा हात दिसला. त्याच्या वरून काढला."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले. आमची बस आली, जागा भरल्या, आणि रुमाल हातात असून सरांनी तो टाकला नाही. आम्ही यवतमाळपर्यंत उभ्यानं गेलो.

यादीत निकिताचं नाव आलं. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि मुलीकडं नागपूरला राहायला गेले. निरोप समारंभात मी भाषणात वर्ध्याला गेलेल्या किल्ल्या सांगितल्या, सर्वात मोठ्यानं तेच हसले. फोन करत, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला. "दोरी आहे का?" मी म्हणायचो, "आहे." दुसरा प्रश्न, "उंची?" मी म्हणायचो, "हातात आहे." मग ते घरच्या गोष्टी विचारत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता गेले म्हणाली. मला त्यांची फार आठवण येते. बसमध्ये शेजारची जागा भरते, पण तिथं बसणारा माणूस मला काही शिकवत नाही.

निकिता आता यवतमाळच्या पोलीस ठाण्यात आहे. तिचं पाहून मैदानावर भरतीच्या पोरींची गर्दी वाढली. ऊनपावसात सुतळी कुजते, बांबू कलतात, मग दोरी नव्यानं बांधावी लागते. कोणाची उंची जास्त, कोणाची कमी, त्याप्रमाणे ती बोटभर खालीवर होते, पण सुरुवात तिथूनच करायची असते आणि ती उंची फक्त माझ्याकडं आहे. म्हणून मी अजून पहाटेची बस पकडतो.

परवाही गेलो होतो. नव्या पोरी होत्या. त्यांनी सरांना पाहिलेलं नाही. त्यातली एक सुतळी घेऊन आली आणि म्हणाली, "उभे सर, हात वर करा ना." मी बांबूशेजारी उभा राहून हात वर केला. त्यांनी माझ्या तळहाताच्या मध्यावर दोरी ताणली, दोन्हीकडं गाठी मारल्या आणि गोळा आणायला पळाल्या. पहिला गोळा दोरीवरून गेला, चांगला लांब पडला, पोरी तुराटी रोवायला तिकडं धावल्या. माझा हात वरच होता. खाली ठेवा म्हणणारं कोणी नव्हतं, आणि मलाही तो लगेच खाली घ्यावासा वाटला नाही.